तुम्ही विचारलंत म्हणून: गर्भपात केंद्राबाहेर उभी राहणारी माणसं करतात काय?

अमेरिकेतली एखादी बातमी आली की प्रश्न ठरलेला असतो: "ती चर्चची माणसं क्लिनिकबाहेर उभी राहून करतात तरी काय? बायकांना अडवतात का?" शिस्तीत चाललेलं असेल तर बहुतेक वेळ ती काहीच करत नाहीत. उभी असतात, ओठ हलत असतात आणि पुढच्या तासाची जोडी आली का, म्हणून अधूनमधून रस्त्याकडे बघत असतात.

यातला सर्वात पसरलेला प्रकार म्हणजे 'फॉर्टी डेज फॉर लाइफ': गर्भपात थांबावेत म्हणून केंद्राबाहेर सलग चाळीस दिवस प्रार्थना. २००४ साली टेक्ससमधल्या ब्रायन आणि कॉलेज स्टेशन या जोडशहरांत तो सुरू झाला आणि २००७ पासून अनेक शहरांत एकाच वेळी होऊ लागला. वर्षातून दोनदा होतो: एकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एकदा सप्टेंबरअखेरीपासून. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सुरुवात केली आणि रविवारही धरले, की चाळिसावा दिवस बरोबर झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी येतो. ते सोयीचंच, कारण पुढच्या पवित्र आठवड्यात ज्याला त्याला आपल्या चर्चमध्ये असायचं असतं.

खरी कसरत असते ती वेळापत्रकाची. सकाळी सात ते संध्याकाळी सात धरलं तरी ४८० तास. एकट्याने उभं राहायचं नाही, म्हणजे तासाला किमान दोघं. ९६० जागा भरायच्या. रात्रंदिवस ठेवलं तर दुप्पट. म्हणून अनुभवी संयोजक माणसं मोजत नाही, चर्च मोजतो: एका चर्चने एक अख्खा दिवस उचलायचा. पहिला आठवडा उत्साहात भरतो. पंधराव्या दिवसापासून मंगळवारची दुपार रिकामी दिसायला लागते, आणि मग दोन-चार निवृत्त माणसांवरच सगळा भार पडतो.

एक तास कसा जातो? कॅथलिक असतील तर जपमाळेची पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच गट) साधारण वीस मिनिटांत होतात, म्हणजे तासात तीन फेऱ्या. प्रॉटेस्टंट मंडळी स्तोत्रं वाचतात. १३९वं, देवाने आईच्या उदरात घडवलं असं म्हणणारं, तर ठरलेलंच. आवाज दोघांना ऐकू जाईल एवढाच. येणाऱ्याने आधी शांततेच्या प्रतिज्ञेवर सही केलेली असते: शिवीगाळ नाही, धमकी नाही, कुणाला हात लावणार नाही, वाट अडवणार नाही.

मग पाय कुठे ठेवायचे, हा प्रश्न. फुटपाथ सार्वजनिक, पार्किंग खासगी. त्यातली रेघ पहिल्याच दिवशी नीट विचारून घ्यावी लागते. गाड्या आत वळतात त्या तोंडाशी थांबायचं नाही. चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट मोकळी हवी. बसायला खुर्च्या मांडल्या, की तक्रार आलीच म्हणून समजा.

प्रार्थना करणारा वेगळा आणि आत जाणाऱ्या बाईशी बोलणारा वेगळा, हे पाळलं नाही तर सगळं बिघडतं. बोलायचं काम शिकवून तयार केलेल्या एक-दोघांचंच. बाकीच्यांनी मान खाली. चार जण एकदम पुढे सरसावले, तर समोरच्या बाईला ती प्रार्थना वाटत नाही, घेराव वाटतो. आणि तिचं चुकतं असं मला वाटत नाही. शिवाय आत जाणारी प्रत्येक बाई गर्भपातासाठीच आलेली नसते. कुणी गर्भनिरोधकासाठी येते, कुणी तपासणीला. रक्ताळलेल्या भ्रूणांचे मोठाले फोटो घेऊन येणाऱ्यांना तर परत पाठवावं.

पत्रकांत हमखास घोळ होतो. गर्भपातामुळे स्तनाचा कॅन्सर होतो, हे वाक्य अजून सापडतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ मध्ये तज्ज्ञांची बैठक घेतली आणि असा संबंध नाही, असा निष्कर्ष निघाला. पत्रकावर मदत कुठे मिळेल तो पत्ता आणि चालू फोन नंबर हवा. वैद्यकीय दावे नकोत.

कायदा जागेगणिक बदलतो. अमेरिकेत दार अडवणं, धमकावणं हा १९९४ पासून केंद्रीय गुन्हा आहे. कोलोरॅडोच्या कायद्यात दारापासून शंभर फुटांच्या आत विनासंमती कुणाच्या आठ फुटांहून जवळ जायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो २०००मध्ये टिकवला. मॅसॅच्युसेट्सची दाराभोवतीची पस्तीस फुटांची, उभं राहायला बंदी असलेली पट्टी मात्र २०१४मध्ये रद्द केली. ब्रिटनमध्ये चित्रच वेगळं. स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०२४ पासून दोनशे मीटर, इंग्लंड-वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून दीडशे मीटर सुरक्षित क्षेत्र, म्हणजे तेवढ्या अंतरात येणाऱ्या बायकांवर प्रभाव टाकायला किंवा त्यांना अडवायला मनाई. त्याच ऑक्टोबरात बोर्नमथमधल्या क्लिनिकबाहेर उभं राहिलेल्या एकाला, तिथे अशा प्रार्थनेला मनाई करणारा स्थानिक आदेश मोडल्याबद्दल, दोषी ठरवलं गेलं. तो क्लिनिककडे पाठ करून मनातल्या मनात प्रार्थना करत होता, आणि सांगूनही जागेवरून हलला नव्हता. मनातल्या प्रार्थनेला शिक्षा मला पटत नाही. पण दाराशी नुसतं कुणी उभं असणंही आत जाणारीला जड जातं, हा तिकडचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

"मग आपल्याकडे वसईत, पुण्यात असं का दिसत नाही?" हा पुढचा प्रश्न. श्रद्धा कमी म्हणून नव्हे. अमेरिकेत गर्भपाताची बरीचशी केंद्रं स्वतंत्र, त्यामुळे उभं कुठे राहायचं ते ठरलेलं. आपल्याकडे १९७१च्या कायद्याखालचा गर्भपात बहुधा प्रसूतिगृहात नाही तर साध्या हॉस्पिटलात होतो. त्याच जिन्याने कुणी बाळंतपणाला जातं, कुणी सोनोग्राफीला, कुणी डबा घेऊन. कोण कशासाठी आलंय, हे फाटकाबाहेरच्या माणसाला कळायला मार्गच नाही.