रिपोर्टवर भागवू नका, रीडिंग मागून घ्या

दोन बोअर नुसता धुरळा उडवून कोरडे गेले, म्हणून तिसऱ्याच्या आधी मशीन लावून पाणी बघायचं ठरवलं. आमचं रान पारनेर तालुक्यात, खाली सगळा बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. वडिलांचा भरवसा नारळवाल्या पाणाड्यावर होता, पण आधीच्या दोन्ही जागा त्यानेच दाखवलेल्या.

सर्व्हे अर्ध्या दिवसात उरकला. चार सळया एका रेषेत ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडतात आणि आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात. बाहेरच्या सळया लांब नेत जावं तसं खोलवरचं कळत जातं. 200 फूट बघायचं तर सहा-सातशे फूट तार मोकळी पसरता आली पाहिजे.

अडलं ते रिपोर्टपाशी. सर्व्हेवाले 'चार दिवसांत देतो' म्हणाले आणि दिला सदतिसाव्या दिवशी. रोज फोन केला की 'साहेब साइटवर आहेत'. मे सरत आला, बोअरची गाडी दुसऱ्या गावाला निघून गेली. शेवटी हातात पडला एक कागद : 'स्पॉट 2, खोली 200 फूट', खाली शिक्का. रीडिंग मागितली तर म्हणे, 'तुम्हाला त्यातलं काय कळणार?' पैसे मी मोजले होते, रान माझं होतं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

नशीब, मशीनवरचा माणूस आकडे ओरडून सांगत होता तेव्हा मुलाने ते डेअरीच्या वहीत मागच्या पानावर उतरवले होते. ओळखीच्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी वही पाहिली. स्पॉट 2 ओढ्याकाठचा. तिथे सुरुवातीला 6-7 ओहम-मीटर (जमीन करंटला किती अडवते त्याचं माप), मग आकडे चढतच गेलेले. म्हणजे वर चिकण माती, खाली काळा पाषाण. ओल असली की करंट सहज जातो आणि आकडा कमी येतो, पण आकडा कमी आला म्हणजे पाणीच असं नाही, चिकण मातीही कमीच दाखवते. स्पॉट 1 ला आकडे 130 पर्यंत चढून परत 50 च्या खाली उतरलेले. सर म्हणाले, 'पाषाणाखाली फुटका थर असावा, इथे घ्या.'

घेतला. 142 फुटांवर धुरळा थांबला आणि ओला चुरा आला. दीड इंच पाणी लागलं. वडील तो चुरा मुठीत धरून कितीतरी वेळ उभे होते.

सांगायचं राहिलं, उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात सळईला ओल मिळत नाही आणि आकडे उड्या मारतात. मिठाच्या पाण्याच्या दोन घागरी जवळ ठेवा, प्रत्येक सळईच्या बुडाशी ओता. तार विजेच्या लाइनखालून किंवा लोखंडी कुंपणालगत नेऊ देऊ नका. आणि वही-पेन घरचं न्या.