बाकी पस्तीस

ही संख्या मला पहिल्यांदा भेटली ती घोटाळा करताना. एक साधासा प्रोग्रॅम बेरजा करत होता. आकडा फुगत फुगत 2147483647 वर पोचला आणि त्यात आणखी एक मिळवताच थेट उणे दोनशे चौदा कोटींत जाऊन पडला. तो आकडा 32 बिटांत, म्हणजे फक्त 0 किंवा 1 मावणाऱ्या 32 घरांत, साठवत होता. त्यातलं एक घर अधिक-उणे चिन्हाला जातं, उरलेल्या 31 घरांत सगळे एक भरले की मावणारा सर्वात मोठा आकडा हाच. सेकंद याच पद्धतीने मोजणारी जुनी यंत्रं 19 जानेवारी 2038 ला अशीच गडबडणार आहेत.

ती मूळ संख्याही आहे, हे बऱ्याच वर्षांनी कळलं. खरं सांगायचं तर पटेना. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, आणि एवढ्या ऐवजाला एकही वाटेकरी नाही? शेवटी 7, म्हणजे 2 आणि 5 बाद. अंकांची बेरीज 46, म्हणजे 3 बाद. शाळेचं गणित इथेच दमतं. पुढे वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे 46340 पर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं तर पावणेपाच हजारांवर भागाकार!

गणिती लिओनार्ड ऑयलरने ही संख्या मूळ असल्याचं 1772 मध्ये सिद्ध केलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याने आधी भागाकारच कमी केले. ही संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात उणे 1. अशा संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरायला हवी. या चाळणीतून ऐंशीच्या आसपास उमेदवार उरतात. ऐंशी भागाकार मात्र करावेच लागतात, त्यातून सुटका नाही.

गणिती पीटर बार्लोने 1811 मध्ये या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते ती, जशी 6 = 1 + 2 + 3) लिहून ठेवलं, की याहून मोठी कधी सापडणार नाही. कारण असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य, कोण कशाला शोधेल! 1876 मध्ये गणिती एदुआर लुकासने 39 अंकी मूळ संख्या सिद्ध केली आणि तिच्यापासूनही परिपूर्ण संख्या बनतेच. 2024 मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत तर चार कोटींहून जास्त अंक आहेत. बिनकामाच्या गोष्टींसाठी माणसं किती राबतात, याचा बार्लोला अंदाज नसावा.

मीही मग कागद घेतला. ऐंशींतला पहिला उमेदवार 311. गुणाकार करत, वजा करत, एक हातचा विसरून, पुन्हा वरून सुरुवात करत खाली आलो. भागाकार 6905092, बाकी 35. उत्तर आधीच माहीत असूनही शेवटच्या वजाबाकीला पेन क्षणभर थांबलं होतं. शून्य आलं असतं तर?

पुढचा 1303. बाकी 226.