एकतिसावा खेळाडू

२०२३च्या डिसेंबरातील त्या रविवारी सकाळी क्लबच्या खोलीत शिरताना माझ्या हातात एक कागद होता. त्यावर आमचे चाळीस खेळाडू गुणानुक्रमाने छापलेले होते आणि पहिल्या बाविसांच्या खाली मी लाल शाईने एक रेघ ओढली होती. रेघेच्या वरचे पुढच्या हंगामात पहिल्या संघात आणि खालचे राखीव संघात, असा तिचा सरळ अर्थ होता, आणि ती ओढताना माझा हात जराही अडखळला नव्हता.

मेलबर्नच्या पूर्वेकडील एका उपनगरातल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबसाठी मी सामन्यांचे विश्लेषण करतो. मी मूळचा सांगलीचा, शिक्षण संख्याशास्त्राचे, आणि या देशात येईपर्यंत ‘फुटी’ हा शब्दही मी ऐकलेला नव्हता. क्लबच्या मैदानाशी माझी पहिली ओळख झाली ती क्रिकेटमुळे, कारण इथे एकाच मैदानावर उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटी खेळली जाते. हा शेजार जुना आहे. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या मेलबर्नच्या क्रिकेटपटूने वर्तमानपत्रात पत्र लिहून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर गंजू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे सुचवले आणि पुढच्याच वर्षी या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. त्या रविवारीही आम्ही आत बसून फुटीचा संघ मांडत होतो आणि बाहेर चेंडूफळीचा आवाज येत होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांना थोडे सांगावे लागेल. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने मारलेला चेंडू गेला तर सहा गुण मिळतात, बाजूच्या फटीतून गेला तर एक. एका संघाचे अठरा जण मैदानात असतात. आमच्या पातळीवर बाकावर चार जण बसतात, म्हणून ‘उत्तम बावीस’ हा इथल्या प्रत्येक क्लबमधला परवलीचा शब्द आहे. ए.एफ.एल. या सर्वोच्च स्पर्धेत तेव्हा एक पर्यायी खेळाडू धरून तेवीस जण असत. वर्तमानपत्रात संघ आजही तीन-तीन जणांच्या सहा ओळींत छापला जातो: मागची फळी, तिच्या पुढची अर्धी फळी, मधली फळी, मग पुढच्या दोन फळ्या, आणि शेवटी चेंडूमागे सतत धावणाऱ्या तिघांची ओळ. या खेळात ऑफसाइड नाही. कोणीही कुठेही जाऊ शकतो, आणि म्हणूनच प्रत्येक बचावपटूला प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस वाटून दिलेला असतो, त्याला दोन तास मोकळे सोडायचे नसते.

निवड समितीत चौघे होते: मुख्य प्रशिक्षक, त्यांचे सहायक, समितीचे अध्यक्ष, आणि सत्तरीतले एक गृहस्थ, जे या क्लबकडून तरुणपणी फुल-बॅक म्हणून, म्हणजे गोलच्या तोंडाशी उभा राहणारा शेवटचा बचावपटू म्हणून, खेळले होते. इथे सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारतात. मला पहिले वर्षभर ते जमले नाही. मी मनात त्यांना अण्णा म्हणत असे, आणि इथेही तेच म्हणतो. मी समितीचा पाचवा, पण मत नसलेला सदस्य होतो. कागद पुरवणे हे माझे काम.

अण्णांनी माझा कागद घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि काही न बोलता फळ्यावर लंबगोल मैदान आखून त्यावर जर्सी क्रमांकांचे चुंबक माझ्या यादीप्रमाणे लावायला सुरुवात केली. सुरुवातीला सारे झटपट झाले. नऊ नंबर मध्यावर, चार नंबर त्याच्या बाजूला, बावीस नंबर डाव्या कडेला. मग त्यांचा हात मंदावला. माझ्या पहिल्या बाविसांत अकरा जण मधल्या फळीचे होते. त्यांतले काही अर्ध्या फळ्यांवर सरकवता आले, पण तरीही हातात चुंबक उरत होते आणि फळ्यावर जागाही उरत होत्या. उंच उडी घेऊन सुरुवातीचा चेंडू साथीदारांकडे ढकलणारा जो खेळाडू असतो, ज्याला इथे ‘रक’ म्हणतात, तो माझ्या यादीत एकच होता. तो दमला की त्याच्या जागी जाणारा कोणीही नव्हता. आणि गोलच्या तोंडाशी तर फळा कोरा होता.

“इथे कोण उभा राहणार?” अण्णांनी विचारले. “तुझी लाल रेघ?”

सगळे हसले, मीही हसलो. आमचा फुल-बॅक, सतरा नंबर, कुठे आहे, असे त्यांनी विचारले तेव्हा मी कागद उलटून खाली बोट नेले. एकतिसावा. माझ्याच कागदावर तो आकडा मी त्या क्षणापर्यंत नीट वाचलेला नव्हता, हे इथे कबूल केले पाहिजे. वाचला असता तर थांबलो असतो की नाही, हेही सांगता येत नाही.

तेवढ्यात प्रशिक्षकांनी घसा खाकरला. मी शुक्रवारी रात्री तो कागद त्यांना ई-मेलने पाठवला होता आणि शनिवारी सकाळच्या सरावानंतर त्यांनी सतरा नंबरला बाजूला घेऊन, पुढचा हंगाम तू राखीव संघातून सुरू करशील, असे सांगून टाकले होते. तो ‘ठीक आहे’ एवढेच म्हणून गाडीत बसला होता. शेजारचा एक क्लब त्याच्या मागे लागलेला आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. चूक प्रशिक्षकांच्या घाईची म्हणावी, तर घाई करण्याजोगा ठामपणा माझ्या कागदाने पुरवला होता.

मी बचावाचा प्रयत्न केला. माझी पद्धत अशी होती की, प्रत्येक सामन्याचे चित्रीकरण पुन्हा पाहायचे आणि प्रत्येक किक, हँडबॉल (मुठीने ठोसून साथीदाराला दिलेला चेंडू), मार्क (किमान पंधरा मीटर आलेली किक हवेतच झेलणे), टॅकल, गोल, या सगळ्यांची नोंद खेळाडूच्या नावापुढे करायची. मग प्रत्येक कृतीला वजन देऊन बेरीज काढायची. बेरजेत चूक नव्हती. पण आमचे चित्रीकरण एका खेळाडूचे वडील क्लबच्या छपरावरून करतात आणि त्यांचा कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो. चेंडू जिथे नाही तिथे काय चालले आहे, हे माझ्या पडद्यावर कधी आलेच नव्हते, आणि जे पडद्यावर आले नाही त्याला मी शून्य दिले होते. कबड्डीवर वाढलेल्या माणसाला हे कळायला हवे होते. चढाईपटूचे गुण फलकावर लागतात. पण डाव्या कोपऱ्यात एक बुटका, निबर गडी उभा आहे म्हणून चढाईपटू त्या बाजूला पाय टाकत नाही आणि रिकाम्या हाताने परततो, त्याची नोंद कोणता गुणलेखक करतो? तरीही सांगलीच्या मैदानात बसलेला प्रेक्षक त्या कोपऱ्यालाच टाळी देतो.

या चुकीत मी एकटा नाही, एवढे समाधान अण्णांनी दिले. ए.एफ.एल.च्या सर्वोत्तम खेळाडूला १९२४ पासून ब्राउनलो पदक दिले जाते आणि ते पंचांच्या मतांवर ठरते. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन, दोन आणि एक अशी मते देतात. गेल्या काही दशकांत ते पदक जवळजवळ दरवर्षी मधल्या फळीच्या खेळाडूकडे गेले आहे. “पंचही चेंडूच्याच मागे धावतात,” अण्णा म्हणाले. ते ए.एफ.एल.मधल्या कॉलिंगवूड संघाचे जन्माचे पाठीराखे आहेत, त्यामुळे अडीच महिन्यांपूर्वीचा अंतिम सामना त्यांनी काढला नसता तरच नवल. त्या सामन्यात ब्रिस्बेनने तेरा गोल केले, कॉलिंगवूडने बारा, आणि तरीही कॉलिंगवूड ९०–८६ असे जिंकले, कारण कडेच्या खांबांमधले एकेक गुण त्यांनी अठरा जमवले होते आणि ब्रिस्बेनने आठच. “चार गुण,” अण्णांनी बोटे दाखवली. “एका गोलाएवढेही नाहीत. आता मला सांग, आमचा सतरा नंबर वर्षभरात किती गोल होऊ देत नाही?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, पण ते शोधायची जागा माझ्याजवळ होती. गेल्या हंगामात क्लबने गोलच्या मागे उंच खांबावर लावायचा एक कॅमेरा घेतला होता. तो एका जागी स्थिर राहतो आणि अर्धे मैदान एकाच चौकटीत दाखवतो. मोठे क्लब बचावाची रचना तपासायला असेच चित्रीकरण वापरतात. आमच्याकडे नऊ सामन्यांचे असे चित्रीकरण हार्ड डिस्कवर पडून होते. ते माझ्या नोंदींच्या चौकटीत बसत नाही आणि पाहायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून मी ते उघडलेले नव्हते. आम्ही जेवणाची सुट्टी न घेता जुलैमधल्या एका सामन्याचे तिसरे सत्र लावले, ज्यात समोरचा फुल-फॉरवर्ड, म्हणजे आमच्या गोलच्या तोंडाशी उभा राहणारा त्यांचा मुख्य गोल करणारा, त्या वर्षी भरपूर गोल करणारा, सतरा नंबरपेक्षा वीतभर उंच असा गडी होता.

त्या पुढच्या अर्ध्या तासात मी जे पाहिले, ते माझ्या कामातले सर्वांत लाजिरवाणे आणि सर्वांत आनंदाचे पाहणे होते. चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असतानाही सतरा नंबर स्वस्थ नव्हता. तो आपल्या माणसाच्या आणि गोलच्या मध्ये न राहता, चेंडू ज्या बाजूने येईल त्या बाजूला दीड पाऊल पुढे उभा राहत होता, जेणेकरून किक मारणाऱ्याला तो वाटेत दिसावा. समोरचा धावायला वळला की तो खांद्याने खांदा लावून त्याला कडेकडे नेत असे, जिथून गोलचा कोन अरुंद होतो. मधूनच हात वर करून तो आपल्या दोन साथीदारांना जागा दाखवत होता, आणि ते दोघे, जे माझ्या यादीत अकरावे आणि चौदावे होते, त्याने दाखवलेल्या जागी जाऊन हवेतला चेंडू झेलत होते आणि त्याचे गुण माझ्याकडून मिळवत होते. त्या सत्रात प्रतिस्पर्ध्यांनी आमच्या गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या कमानीत तेरा वेळा चेंडू आणला. त्यांच्या सर्वोत्तम माणसाच्या दिशेने त्यांनी तो दोनदाच मारला. माझ्या मूळ नोंदीत त्या सत्रात सतरा नंबरच्या नावापुढे एक किक आणि एक हँडबॉल होता.

त्यात आणखी एक हिशेब प्रशिक्षकांनी पुढे केला. व्हिक्टोरियातल्या स्थानिक फुटीत २०१६ पासून खेळाडूंवर गुणांकनाची मर्यादा आहे: प्रत्येक खेळाडूला त्याच्या पूर्वेतिहासाप्रमाणे गुण लावले जातात आणि सामन्याला उतरणाऱ्या संघाची बेरीज ठरलेल्या आकड्यापलीकडे जाता येत नाही. क्लबच्याच बालसंघातून वर आलेल्याला एकच गुण लागतो, बाहेरून आणलेल्या अनुभवी खेळाडूला कितीतरी जास्त. सतरा नंबर वयाच्या नवव्या वर्षापासून आमच्याकडे आहे. त्याच्या जागी बाहेरून बचावपटू आणायचा, तर तेवढ्या गुणांत जो दुसरा रक आम्हाला खरोखर हवा होता, तो आणताच आला नसता. माझ्या लाल रेघेने एक फुल-बॅक घालवला असताच, शिवाय एक रकही.

त्यानंतर संघ मांडायला तासभर पुरला. मागच्या फळीपासून सुरुवात केली, मध्ये सहा जण ठेवले, माझ्या पहिल्या बाविसांतले पाच जण रेघेखाली गेले. त्यातला एक गुणानुक्रमे आठवा होता, आणि त्याच्याबद्दल माझे मत अजूनही वेगळे आहे. दोन जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या, एक रकची आणि एक चपळ, बुटक्या बचावपटूची. फळ्याचा फोटो काढून झाल्यावर प्रशिक्षक गाडीची किल्ली हातात घेऊन माझ्याकडे पाहू लागले. “लॅपटॉप घे,” ते म्हणाले.

सतरा नंबर इलेक्ट्रिशियन आहे. तो घरापुढच्या फाटकाजवळ आपल्या गाडीतली वायरची भेंडोळी उतरवत होता. प्रशिक्षकांनी आडपडदा न ठेवता, काल सांगितले ते चुकीचे होते, असे सांगितले. यादी माझी होती, असे मी सांगितले. त्याने हात पुसले आणि लॅपटॉप गाडीच्या मागच्या फळीवर ठेवून आम्ही ते तिसरे सत्र पुन्हा लावले. तो पूर्ण वेळ गप्प होता. त्या दोन चेंडूंपैकी दुसरा आला, ज्यावर समोरच्याने गोल केला होता, तेव्हा त्याने बटण दाबून चित्र थांबवले.

“इथे मी उशिरा वळलो,” तो म्हणाला. “हे लिहिले आहेस का?”

मी लिहिलेले नव्हते. मी वही काढून त्याच्यासमोर ते लिहून घेतले, मिनिट आणि सेकंदासकट. तो वाकून वहीत पाहत होता. मग त्याने उरलेले भेंडोळे उचलले आणि प्रशिक्षकांना विचारले, “मंगळवारचा सराव सहालाच ना?”