जांगडीची पिशवी: आमची वाटचाल

आम्ही ठाण्यात बायकांचे कुर्ते विकतो, पण आमचं दुकान नाही, कधी नव्हतंही. सुरुवातीला राम मारुती रोडवर एका गाळ्याची चौकशी केली, भाडं ऐकलं आणि तिथून थेट तलावपाळीवर जाऊन भेळ खाल्ली. आमचा आणि गाळ्याचा संबंध तेवढाच.

२०१५ साली वर्तकनगरच्या वन बीएचकेमध्ये, दिवाणाच्या कप्प्यात चाळीस कुर्ते ठेवून मी धंदा सुरू केला. त्याआधी नऊ वर्षं तुर्भ्याला एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात चेकर होते. टेप गळ्यात घालून दिवसभर छाती, उंची, बाही, मुंढा मोजायचा, सुटलेले धागे कापायचे आणि माल पास करायचा. मापातलं मला कळत होतं, विकण्यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचे, मागणी आली की कुरिअर करायचं. कुर्ते जायचे तसेच परतही यायचे. ‘रंग फोटोतल्यासारखा नाही.’ ‘एल मागवला, होत नाही.’ ‘छान आहे, पण नको.’ हे तिसरं कारण मला सगळ्यात जास्त छळायचं. छान आहे तर नको का? जातानाचे आणि येतानाचे, दोन्ही वेळचे कुरिअरचे पैसे आमचेच. पावसाळ्यात पिशवी दमट होऊन आली की कुर्त्याला वास, तो पुन्हा धुवा, पुन्हा इस्त्री करा.

माझे सासरे मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात कापडाच्या पेढीवर गुमास्ता होते. एका रात्री मी परत आलेला ढीग मोजत बसले होते, ते टीव्ही बघत होते. मान न वळवता म्हणाले, “अगं, एकच का पाठवतेस? चार पाठव. जांगड दे.”

मला तो शब्दच नवा होता. जांगड म्हणजे पसंतीला नेलेला माल. विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. पेढीवर दलाल आणि छोटे दुकानदार असेच तागे उचलायचे आणि त्याची जांगडवही वेगळी असायची, विक्रीच्या वहीत ती नोंद करायची नाही. लग्नाच्या घरी साड्यांचा गठ्ठा जायचा तोही याच हिशेबाने. घरातल्या सगळ्या बायका बसून निवडायच्या आणि उरलेल्या साड्या दुसऱ्या दिवशी दुकानात परत. बाबा म्हणाले, “जांगड दिलेला माल विकला असं समजू नकोस आणि गेला असंही समजू नकोस. लिहून ठेव फक्त.”

मला घाम फुटला. चार कुर्ते एका अनोळखी बाईच्या घरी ठेवून यायचे? पण ढीग समोरच होता, त्यामुळे फार वाद घालता आला नाही.

पहिला प्रयोग फसला. आमचा डिलिव्हरीचा पोरगा पिशवी घेऊन जायचा आणि बाई कपडे घालून बघेपर्यंत दारात थांबायचा. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांतही काही जण असंच करत होते, म्हणून आम्हीही केलं. झालं काय, ठाण्यातल्या काकू पोराला दारात उभं ठेवतील कशा? आधी पाणी, मग चहा, मग “गाव कुठलं रे तुझं?” तोवर कुर्ता कोण घालून बघणार? नाहीतर उलटं, तो बाहेर उभा आहे या दडपणाखाली पटकन एक ठेवून घ्यायच्या आणि दोन दिवसांनी बदलून मागायच्या. घोडबंदरला मानपाड्याच्या पुढे संध्याकाळची गर्दी तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसात त्याची पाच घरंही व्हायची नाहीत.

मग आम्ही पिशवी रात्रभर ठेवायला लागलो. चार कपडे, यूपीआयवर पाचशे रुपये अनामत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा येणार, ठेवलेल्याचे पैसे घेणार, उरलेलं परत आणणार. आणि तिथून कळायला लागलं की बायका कपडा बघतात म्हणजे नेमकं काय करतात. दुकानातल्या ट्रायल रूममध्ये पिवळा दिवा असतो, आरसा उंच असतो, बाहेर कोणीतरी ताटकळत असतं. घरी ट्यूबलाइट असते आणि कपाटाच्या दाराला लावलेला आरसा, त्यात एका वेळी अर्धीच बाई दिसते. पण त्याच कपाटात तिची लेगिंग असते, ओढण्या असतात, आईने दिलेले झुमके असतात. मुख्य म्हणजे रात्री साडेनऊला सगळे जेवून बसलेले असतात. सासूबाई बघतात, मुलगी नाक मुरडते, नवरा फोनमधून डोकं वर न काढता “छान” म्हणतो. ‘छान आहे, पण नको’ याचं उत्तर मला तिथे मिळालं. कुर्ता छान असतो, पण त्याच्याबरोबर घालायला घरात काही नसतं.

प्रत्येक पिशवीत मी एक चिठ्ठी ठेवायला लागले: हात वर करून बघा, खाली मांडी घालून बसा, ओढणी घेऊन बघा, ट्यूबलाइटमध्ये बघा आणि सकाळी खिडकीशी बघा. खाली दोन ओळी मोकळ्या, नको असेल तर कारण लिहायला. बहुतेक जणी एकच शब्द लिहायच्या, तोही घाईत. तरी त्या चिठ्ठ्या मी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत.

त्यात ‘घट्ट’ हा शब्द फार यायला लागला. एल घट्ट म्हणून एक्सएल पाठवला तर खांदा उतरतो म्हणून तोही परत. मी टेप घेऊन बसले. छाती बरोबर, उंची बरोबर. चेकर असल्याची माझी सगळी ऐट जिरली. शेवटी कळव्याच्या एका काकूंनी उत्तर दिलं. पिशवी घ्यायला त्या दिवशी मीच गेले होते. त्या म्हणाल्या, “हे बघ,” आणि लोकलमधली कडी धरतात तसा हात वर केला. अख्खा कुर्ता बोटभर वर सरकला आणि दंडात करकचला. “ऐरोलीपर्यंत मी अशी उभी राहू?”

कापणाऱ्याने सगळ्या मापांना छाती वाढवली होती, पण बाही दंडात जवळजवळ तेवढीच ठेवली होती. कारखान्यात आम्ही कुर्ता टेबलावर पसरून मोजायचो, हात वर केलेल्या बाईच्या अंगावर नाही. आम्ही बाही रुंद केली आणि काखेत चौकोनी तुकडा लावला, पूर्वी सदऱ्याला असायचा तसा. कापड थोडं जास्त लागतं, शिवणारी दहा रुपये जास्त घेते. ‘घट्ट’ लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र एकदम कमी झाल्या.

मापांचा घोळ एकट्या आमचाच नाही म्हणा. आपल्याकडच्या एस-एम-एलना बराच काळ परदेशी मापांचाच आधार होता. खारघरला ज्यांचा कॅम्पस आहे त्या निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने म्हणूनच सहा शहरांतल्या २५,००० लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला.

फसवणूक होते का, हे सगळे विचारतात. होते, पण वाटते त्यापेक्षा कमी. एकदा एक पिवळा कुर्ता परत आला. घडी अगदी व्यवस्थित, चिठ्ठीवर ‘रंग आवडला नाही’. उलगडला तर घेराच्या आतल्या शिवणीत हळद आणि एक अक्षत. हळदी-समारंभ उरकून आला होता बिचारा. मी फोन केला नाही, काय बोलणार? तेव्हापासून लाल टॅग पाठीला नाही, गळ्याशी अगदी समोर टाचतो. त्याच्यासकट घरात मिरवता येतं, मांडवात नाही.

हिशेबाचं कोडं जीएसटीनंतर पडलं. माल बाहेर, विक्री झालेली नाही, मग बिल कधी फाडायचं? सीएंनी सांगितलं की पसंतीसाठी पाठवलेल्या मालाची कायद्यात वेगळी सोय आहे. माल निघताना तीन प्रतींत डिलिव्हरी चलन, गिऱ्हाइकाने ठेवला की बिल, आणि निर्णय लागो न लागो, माल निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत बिल झालंच पाहिजे. १९३० च्या माल विक्री कायद्यातही पसंतीवर दिलेल्या मालाचं कलम आहे. मुदतीत ‘नको’ न कळवता माल ठेवून घेतला तर तो घेतला असंच धरतात. हे ऐकून बाबा इतके खूश झाले की जणू कायदा त्यांच्याच पेढीवर बसून लिहिला होता.

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. दुसऱ्याच्या अंगाला लागून आलेला कपडा कोण घरात घेणार? ते महिने आम्ही मास्क शिवून काढले, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पुन्हा सुरू केलं तेव्हा परत आलेली पिशवी तीन दिवस गॅलरीत टांगायचो आणि मग वाफेची इस्त्री. इस्त्रीची सवय टिकली, गॅलरी सुटली.

अमेरिकेत ॲमेझॉनने २०१८ मध्ये हीच सोय सगळ्या प्राइम ग्राहकांसाठी सुरू केली होती, आधी घालून बघा, मग पैसे द्या. ३१ जानेवारी २०२५ ला ती बंद झाली. मुलाने ती बातमी मला मोठ्या गांभीर्याने वाचून दाखवली. आता फोटोवरच कपडा चढवून दाखवणारं तंत्र आलंय म्हणे. मी माझ्यावर एक कुर्ता चढवून बघितला. फोटोत मी फारच सुंदर दिसत होते, पण हात काही वर करता येईना.

आमची मर्यादा मला ठाऊक आहे. चारातला एक विकला जातो, म्हणजे तीन कुर्ते दोन दिवस नुसते रस्त्यावर. शंभर पिशव्या हव्या असतील तर चारशे कपड्यांचा पैसा आधी अडकतो. म्हणून कोपरी ते कासारवडवली, पलीकडे कळवा, एवढंच आमचं राज्य. पुण्याहून विचारणा येते, आम्ही नाही म्हणतो. एका सोसायटीच्या गेटवर आमच्या पोराला अजूनही सामानाच्या लिफ्टनेच पाठवतात, ती बंद असली की चौदा मजले जिना. तिथल्या ताई आता स्वतःच खाली येतात.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. कॉम्प्युटरवर सगळी नोंद असते, तरी रोज संध्याकाळी ते लाल वहीत जांगड लिहितात: डावीकडे गेलेलं, उजवीकडे आलेलं. मंगळवारची मानपाड्याची एक ओळ अजून उजवीकडे कोरी आहे. मी फोन करायला घेतला तर म्हणाले, “थांब. तिच्या नणंदेला दाखवायचं राहिलं असेल.”