तक्त्यातला एक

आधारगटात किती संभाषणं झाली याच्या महिन्याच्या अहवालात रात्रपाळीच्या बिलिंग टीमसमोर १ हा आकडा होता. टीम पाच जणांची. नाव नाही, विषय नाही, तारीख नाही. कागदावर गोपनीयता अगदी चोख. टीम लीडरने तक्ता पाहिला, अलीकडे सारख्या रजा कोण टाकतंय ते आठवलं आणि पुढच्या रोस्टरमध्ये तिला दिवसपाळीत टाकलं. काळजीपोटीच. तिचा नाइट अलाउन्स गेला, घरच्या वेळांचं गणित विस्कटलं आणि बाकीच्या चौघांना काय ते कळलं. ‘पाळी बदला म्हणून मी बोलले नव्हते,’ एवढंच ती गटातल्या तिच्या सोबत्याला, म्हणजे ऐकून घेणाऱ्या सहकाऱ्याला, म्हणाली. नंतर रात्रपाळीतून गटाकडे कुणी फिरकलं नाही.

कॉल सेंटरमध्ये सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांना आधार द्यायचे गट बांधणं हे माझं काम. बाहेरच्यांना वाटतं, चार प्रेमळ माणसं आणि एक खोली मिळाली की झालं. प्रेमळ माणसांची अडचण कधीच नसते. घात होतो तो फॉर्म, कोड आणि रोस्टरमध्ये.

सोबती निवडताना ‘कोण तयार आहे?’ असं विचारायचं नाही. हात वर करणाऱ्यांत सल्ला द्यायची हौस असलेले बरेच निघतात. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यायची: वाईट दिवशी तुम्ही इथे कुणाशी बोलाल? तीच तीच नावं वर येतात, आणि ती बहुधा मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्यांची असतात. ज्याच्या हातात कुणाची रजा, रेटिंग किंवा पाळी आहे तो सोबती होऊ शकत नाही, माणूस कितीही चांगला असला तरी. मुदत दीड वर्षाची ठेवायची. नाहीतर सगळा फ्लोअर एकाच सोबत्याच्या डेस्कशी रांग लावतो आणि आधी तोच थकतो. महिन्यातून एकदा सगळ्या सोबत्यांनी बाहेरच्या समुपदेशकासोबत बसायचं. खर्चकपातीत पहिली कात्री याच बैठकीला लागते आणि पुढच्या सहा महिन्यांत सोबती गळायला लागतात.

बैठक सहा ते दहा जणांची, पाऊण तासाची, दोन पाळ्या जिथे एकमेकींवर चढतात त्या वेळेत आणि पगारी. जेवणाच्या सुट्टीत ठेवली तर येणारे येत नाहीत, आणि आले तर चिडून येतात. खोलीला काचेची भिंत नको, वाट एचआरच्या केबिनसमोरून नको. सुरुवातीलाच सोबत्याने मर्यादा स्पष्ट सांगायची: इथलं इथेच राहील, मात्र कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी पुढे सांगेन, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. पाळीपाळीने बोलायचं, ‘पुढे जा’ म्हणायची मुभा. मागितल्याशिवाय सल्ला नाही. हे शेवटचं शिकवायलाच प्रशिक्षणाचा बराच वेळ जातो.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते ऑक्स कोडवरून. एजंट कॉल घेत नसतो तेव्हा सिस्टिमला कारण द्यावं लागतं: ब्रेक, ट्रेनिंग, मीटिंग. गट सुरू झाला की वर्कफोर्सची, म्हणजे पाळ्या आणि वेळा आखणारी, मंडळी उत्साहाने ‘पीअर सपोर्ट’ असा वेगळा कोड बनवून देतात. तो घ्यायचा नाही. पहिल्याच दिवशी कोण, किती वाजता, किती मिनिटं याची यादी आयती तयार होते आणि टीम लीडरच्या स्क्रीनवर रंगासकट झळकते. ‘मीटिंग’ हाच जुना कोड वापरायचा, आणि त्याची मिनिटं ऍडहिअरन्समधून, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक किती पाळलं त्या मोजमापातून, वजा होणार नाहीत असं लेखी घ्यायचं. तोंडी आश्वासन कॉल वाढले की विरघळतं.

या प्रकरणात कोड नीट होता. सोबत्यांनी भरायच्या फॉर्मात एचआरने मध्येच ‘टीम’ असा रकाना घातला, कारण डॅशबोर्ड छान दिसतो. मूळ फॉर्मात महिना, संभाषणाचा ढोबळ प्रकार आणि वेळ एवढंच होतं. आता नियम असा केलाय: दहाच्या खालचा आकडा छापायचा नाही. तरीही एकच चौकोन झाकून भागत नाही, एकूण बेरजेतून बाकीचे वजा केले की तो उघडा पडतो. निदान दोन झाकावे लागतात, किंवा छोट्या टीम एकत्र करून दाखवायच्या. जनगणना करणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक आहे. माणसांची काळजी घेणाऱ्या खात्याला पटवायला तीन मेल लागले.

टीम लीडरच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण त्याने दुखणं तिच्यात शोधलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं: कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचला आणि नीट हाताळला गेला नाही तर येणारी. त्या टीमचं रोस्टर पाहिलं तर सलग रात्री, त्याला लागूनच दिवसपाळी आणि शिवीगाळ करणाऱ्या ग्राहकांच्या कॉलनंतर श्वास घ्यायलाही पाच मिनिटं नाहीत. पाचही जण त्याच चरकात होते. बदललं एकीचं रोस्टर.

मग वरून सूचना आली की वाईट कॉलनंतर पूर्ण टीमला सक्तीने एकत्र बसवून बोलतं करा. त्याला मी ठाम नाही म्हटलं. धक्कादायक प्रसंगानंतर सरसकट एकदाच घेतल्या जाणाऱ्या अशा सत्रांचा उपयोग होत नाही, ती नेहमीची पद्धत म्हणून वापरू नयेत, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) संस्थेने २००५मध्येच सांगितलंय. त्याऐवजी कॉलनंतर न विचारता मिळणारी दहा मिनिटं मागितली. मंजूर झाली ती पाच.

‘टीम’चा रकाना निघाला. मॅनेजमेंट विचारतं, मग रात्रपाळीला फायदा होतोय हे कळणार कसं? प्रश्न चुकीचा नाही. आकडे दाखवले नाहीत तर पगारी पाऊण तास पुढच्या बजेटमध्ये टिकणार नाही. सध्या पूर्ण फ्लोअरचा एकच तिमाही आकडा देतो, सोबत रजा आणि नोकरी सोडणाऱ्यांचे कल. तेवढ्यावर कुणाचंच समाधान नाही.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. टीम लीडर अजून समजतो की त्याने वेळेवर मदत केली, आणि तसं तो इतर लीडरना सांगतोही. तक्त्यातला तो ‘१’ म्हणजे ती नव्हतीच असं त्याला सांगणं म्हणजे खोटं. तू चुकलास म्हणावं तर त्याचा अंदाज खरा ठरतो. तिची परवानगी मागितली, ती नको म्हणाली. नाइट अलाउन्सचा अर्ज तिने स्वतःच टाकलाय, कारणाच्या जागी ‘वैयक्तिक’ लिहून, आणि तो मंजुरीसाठी त्याच लीडरकडे आहे.