नजर केबिनकडे

आज एका पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला ताटकळत बसलो होतो. हवालदार माणूस बरा होता, पण प्रत्येक ओळ लिहिण्याआधी त्याची नजर साहेबांच्या केबिनकडे जायची. गुन्हा नोंदवायचा की नाही, हे कायद्यापेक्षा साहेबांच्या मर्जीवर ठरत होतं. वरचा माणूस असा असला की खाली प्रामाणिक राहणं म्हणजे बदली ओढवून घेणं. हाँगकाँगमध्ये १९७३ साली पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारीच चौकशी चालू असताना पळून गेला. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९७४ मध्ये पोलीस खात्याबाहेरची, थेट गव्हर्नरला उत्तरदायी अशी भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा उभी राहिली. एरवी शिपाई निलंबित होतो आणि साहेबांना बढती मिळते. तीही नियमानुसार म्हणे!