डुकराच्या पिल्लातून स्टेम सेल काढताना

गावठी डुकराच्या नर पिल्लांचं लहानपणीच खच्चीकरण करतात, नाहीतर मोठेपणी मटणाला उग्र वास येतो. कापलेले वृषण कुत्र्यांपुढे जातात. मला तेच हवे होते. काणकोणातल्या एका डुक्करवाल्याने विचारलंच, "बाय, हे घेऊन तू काय करणार?"

अगोंडा गोवन ही आपल्या गोव्याची नोंदणीकृत देशी जात. ती जपायची तर वीर्य गोठवणं हा नेहमीचा मार्ग, पण डुकराच्या शुक्रजंतूंना थंडी सोसत नाही. पिल्लाकडे तर वीर्यच नसतं. असतात त्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून पुढे आयुष्यभर शुक्रजंतू बनतात. प्रौढ उंदरात जननपेशींपैकी अशा पेशी ०.०३ टक्क्यांच्या आसपासच असतात. पिल्लात पुढच्या अवस्थांची गर्दी नसल्याने त्यांचा वाटा बराच जास्त, म्हणून पिल्लंच बरी.

वृषण बर्फात घालून आणायचे, अँटिबायोटिक घातलेल्या द्रावात धुवायचे, वरचं आवरण सोलून आतला गर बारीक चिरायचा. मग ३७ अंशांवर कोलॅजिनेज हे ऊती सोडवणारं विकर, की शुक्रजंतू जिथे बनतात त्या नलिका सुट्या होतात. नंतर पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन, आणि त्यासोबत डीएनए तोडणारं डीएनेज हवंच. फुटलेल्या पेशींतला डीएनए बाहेर येतो आणि सगळं चिकट होऊन बसतं. कोलॅजिनेजचा लॉट बदलला की वेळही बदलते. प्रोटोकॉलवरच्या मिनिटांपेक्षा मी दर थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. पेशी सुट्या झाल्या की सीरम घालून ट्रिप्सिन थांबवायचं, मग ७० आणि ४० मायक्रॉनच्या गाळण्या.

इथवर हातात येतो तो सगळा मिश्र जमाव, त्यात जननपेशींना आधार देणाऱ्या सर्टोली पेशीच जास्त. खरं काम पुढे. जिलेटिन लावलेल्या प्लेटमध्ये सगळं रात्रभर ठेवायचं. सर्टोली आणि इतर पेशी तळाला घट्ट चिकटतात. आपल्याला हव्या त्या तरंगत राहतात किंवा सैल बसतात. एरवी कल्चरमध्ये तरंगणाऱ्या पेशी मेलेल्या समजून आपण वरचं पाणी ओतून देतो. इथे तेच पाणी हवं. ते नवीन प्लेटमध्ये घालायचं, पुन्हा तेच. परकोल नावाच्या द्रावात घनतेनुसार पेशी वेगळ्या करूनही पाहिल्या. पेशी शुद्ध मिळतात खऱ्या, पण वाया फार जातात. पिल्लाच्या एवढ्याशा वृषणासाठी मला तो व्यवहार परवडत नाही.

ओळख पटवायला डीबीए नावाचं लेक्टिन, म्हणजे कुळथातलं प्रथिन! ते डुकराच्या या पेशींना चिकटतं. चमकणारा रंग जोडलेलं लेक्टिन घातलं की पेशी हिरव्या दिसतात. आपण ज्याची पिठी करतो त्याच कडधान्याचा हा गुण पाहून आई फार खूश झाली.

चमकली म्हणजे स्टेम सेल ठरली, असं मात्र नाही. १९९४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटाने दाखवलेली प्रत्यारोपणाची कसोटी लागतेच. डुकराच्या पेशी उंदराच्या वृषणात सोडल्या तर रुजून वाढतात, पण तिथे शुक्रजंतू बनत नाहीत, त्यामुळे रुजलेल्या वसाहती मोजायच्या. त्याला प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते. ती येईपर्यंत आमच्या पेशी, गोठताना त्यांना जपणारं डीएमएसओ घालून, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या आहेत.